यजमानानं गुरुजींना सांगितलेलं कोर्टात सांगावं लागतं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांचे काका त्र्यंबकला नारायण-नागबली, त्रिपिंडी हे विधी करतात. गेल्या महिन्यात बाहेरगावचा एक यजमान भावासाठी नारायणबली करायला आला, भाऊ अडीच वर्षांपूर्वी विहिरीत पडून गेला असं घरात सगळ्यांना माहीत. पहिल्या दिवशी पिठाच्या पुतळ्याला अग्नी द्यायची वेळ आली आणि तो माणूस तिथेच बसला, रडायला लागला आणि काकांना काहीतरी बोलून गेला. तेव्हापासून काकांना झोप नाही. आता पुतण्या विचारतोय की वकिलाला अशिलानं सांगितलेलं जसं गुप्त राहतं तसं गुरुजींचं राहतं का, पोलीस आले तर काय करायचं, आणि गप्प बसलं तर काका अडकतील का.

मी नाशिकला पंचवीस वर्षं फौजदारी करतोय, बहुतेक आरोपीच्या बाजूनं. त्र्यंबक, पंचवटी, नाशिकरोड सगळीकडची धार्मिक मंडळी साक्षीदार म्हणून पाहिलीयत, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी एक गोष्ट जी तुमच्या लक्षात आलेली नाही. तुमच्या प्रश्नात तुम्ही वर लिहिलंय की तो म्हणाला "माझ्यामुळे गेला", आणि खाली चौथ्या ओळीत लिहिलंय "मी ढकलला म्हणाला". ही दोन वाक्यं तुम्हाला एकच वाटतायत, कायद्याला ती एक नाहीत. आणि सगळं उत्तर या फरकावर उभं आहे, त्यामुळे पुढचं वाचायच्या आधी काकांना शांतपणे विचारा की नेमके शब्द कुठले होते. तुमचे शब्द नकोत, त्यांच्या मनात काय अर्थ लागला तेही नको.

आता मूळ प्रश्न. वकिलासारखं संरक्षण गुरुजींना आहे का? नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात नव्हतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. गुप्त राहू शकणाऱ्या बोलण्याची एक ठरलेली यादी आहे. नवरा-बायकोचं आपसातलं बोलणं कलम १२८ मध्ये, वकील आणि अशील १३२ ते १३४ मध्ये, आणि सरकारी कामकाजातल्या काही गोष्टी. त्या यादीत पुरोहित नाही, फादर नाही, मौलाना नाही, भंते नाही, इतकंच काय आपला फॅमिली डॉक्टरसुद्धा नाही. कोर्टानं समन्स काढलं आणि न्यायाधीशांनी विचारलं की यजमान काय म्हणाला, तर "ते मी सांगू शकत नाही, धर्मात बसत नाही" हे उत्तर चालत नाही. अडून बसलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, ३८८ खाली सात दिवसांपर्यंत आत बसवायचा अधिकार कोर्टाला आहे, आणि शपथेवर खोटं सांगितलं तर ते प्रकरण वेगळंच, सात वर्षांपर्यंतचं.

फादर लोकांचं तुम्ही विचारलंय, बरेच जण विचारतात. कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, म्हणजे कॅनन ९८३ मध्ये, कन्फेशनची गुप्तता मोडता येत नाही, आणि मोडली तर त्या फादरवर चर्चची कडक कारवाई. तो त्यांचा अंतर्गत नियम. अमेरिकेत १८१३ साली न्यूयॉर्कच्या एका कोर्टात चोरीचा माल एका पाद्र्यामार्फत मालकाला परत मिळाला होता आणि चोर कोण ते पाद्र्यानं सांगायला नकार दिला, कोर्टानं त्याचं ऐकलं, तिथून तिकडे हे संरक्षण रुजलं आणि पिक्चरमधून आपल्यापर्यंत आलं. आपल्याकडे तसा कायदा झालाच नाही. आपल्या नाशिकरोडच्या बाळ येशूला फेब्रुवारीत यात्रेला येणारा माणूस कन्फेशनला बसला काय किंवा कुशावर्तात अंघोळ करून नवं धोतर नेसून काकांपुढे बसला काय, साक्ष्य अधिनियमाला दोन्ही सारखेच.

आणि "पूर्वी ब्राह्मणाला फाशी नव्हती, तसं काही शिल्लक आहे का" हे पण विचारलंय. होतं ते खरं. पेशवाईत ब्राह्मण गुन्हेगाराला सहसा देहदंडाऐवजी किल्ल्यावर कैदेत टाकायचे, बनारसकडे तर कंपनी सरकारनंही ब्राह्मणांची फाशीतून सूट काही वर्षं चालू ठेवली आणि १८१७ ला काढली. इंग्लंडमध्ये पाद्र्यांना अशीच सवलत होती, लॅटिन वाचता आलं की माणूस धर्मगुरू समजून पहिल्या गुन्ह्याला फाशीतून सुटायचा, ती १८२७ ला रद्द झाली. आज यातलं काहीही नाही. उलट त्याच पेशवाईतली रामशास्त्र्यांची गोष्ट आपण सगळे ऐकून आहोत, नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादांनी प्रायश्चित्त विचारलं आणि शास्त्रीबुवांनी देहान्त सांगितलं. राघोबादादांचा वाडा आपल्या आनंदवल्लीत होता म्हणून ही गोष्ट मला कायम जवळची वाटते. प्रायश्चित्त सांगणारा आणि न्याय देणारा एकच माणूस असायचा तेव्हा. आता ते दोन वेगळे झाले, म्हणूनच काकांची ही अडचण झालीय.

आता खरी अडचण मांडतो. तुम्ही विचारताय एक प्रश्न, पण त्यात तीन आहेत. काकांनी आपणहून पोलिसांत जायचं का, पोलिसांनी विचारल्यावर काय करायचं, आणि काकांनी ऐकलेल्याची कोर्टात किंमत किती.

आपणहून जायचं का यासाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३ बघावं लागतं, जुन्या सीआरपीसीचं ३९. त्यात गुन्ह्यांची यादी आहे आणि त्यातला गुन्हा घडल्याचं किंवा कोणी घडवणार असल्याचं कळलं तर कुठल्याही नागरिकानं जवळच्या पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं. खून आणि सदोष मनुष्यवध दोन्ही यादीत आहेत, जुन्या कायद्यातही होते. न कळवायला वाजवी कारण असेल तर चालतं, पण ते कारण दाखवायची जबाबदारी गप्प बसणाऱ्यावर. जाणूनबुजून लपवलं तर भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या भादंविच्या जागी आलेल्या कायद्याचं, २३९, सहा महिन्यांपर्यंत किंवा दंड. हे वाचून घाबरू नका, प्रत्यक्षात फक्त एवढ्यावरून एखाद्या गुरुजींवर गुन्हा दाखल झालेला मी पाहिलेला नाही. पण "कायद्यात काहीच नाही, गप्प बसा" असं सांगणारे जे दोन रिप्लाय तुम्हाला आलेत ते चूक आहेत.

आणि इथेच ते दोन शब्दप्रयोग महत्त्वाचे होतात. नारायणबली दुर्मरणासाठी असतो, त्यामुळे गुरुजींना विचारावंच लागतं की कोण गेलं, कसं गेलं. ते ऐकणं त्यांच्या कामाचाच भाग आहे. आणि अशा वेळी घरातलं माणूस काय म्हणतं? "माझ्यामुळे गेला." फास घेतलेल्या मुलाची आई म्हणते, मोटरसायकलची चावी देणारा बाप म्हणतो, भांडण करून झोपलेला भाऊ म्हणतो. हे अपराधीपण आहे, गुन्ह्याची कबुली नाही. कबुली म्हणायची तर माणसानं गुन्हा स्वतः केल्याचं सरळ सांगायला हवं, किंवा निदान तो गुन्हा ठरवणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी मान्य करायला हव्यात, हे १९३९ च्या पाकला नारायणस्वामी प्रकरणापासून ठरलेलं आहे. काकांनी "माझ्यामुळे गेला" एवढंच ऐकलं असेल तर त्यांना गुन्हा घडल्याचं "कळलं" असं म्हणताच येत नाही, आणि त्या एका वाक्यावरून पोलिसांत जाऊन एका दुःखी माणसाच्या मागे चौकशी लावणं मला बरोबर वाटत नाही. "मी ढकलला" असेल, आणि त्याच्यापुढे का, कधी, कुठे हेही आलं असेल, तर गोष्ट पूर्ण वेगळी.

कोर्टातल्या किमतीचं सांगतो. पोलिसाला दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण गुरुजी पोलीस नाहीत. त्यांच्यापुढे बोललेलं न्यायबाह्य कबुलीजबाब, म्हणजे कोर्टाबाहेर दुसऱ्या कोणापुढे दिलेली कबुली, म्हणून येऊ शकतं. साक्ष्य अधिनियमाचं कलम २२ म्हणतं की अधिकार असलेल्या माणसानं धमकी, आमिष, वचन देऊन काढलेली कबुली बाद, पण ते आमिष ऐहिक फायद्याचं पाहिजे. "मन मोकळं कर, पितर शांत होतील" हे ऐहिक नाही, त्यामुळे त्या कारणानं कबुली बाद होत नाही. त्याच कलमात पुढे असंही आहे की "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊन ऐकून घेतलेली कबुलीसुद्धा केवळ त्या वचनामुळे बाद होत नाही. म्हणजे काकांनी त्याला शब्द दिला असेल तर तो शब्द कायदा पाळत नाही. हे वाचून काकांना वाईट वाटेल, मलाही दरवेळी वाटतं, पण लपवून उपयोग नाही.

दुसरी बाजू अशी की हा पुरावा कमजोर समजला जातो. सर्वोच्च न्यायालयानं सहदेवन प्रकरणात २०१२ ला पुन्हा नीट मांडलं की असा जबाब स्वेच्छेचा आणि खरा वाटला पाहिजे, विश्वास बसेल असा पाहिजे आणि बाकीच्या पुराव्याशी जुळला पाहिजे. विहीर, त्या दिवशी कोण कुठे होतं, पीएम रिपोर्ट, अकस्मात मृत्यूची जुनी एडी फाईल, हे सगळं जुळलं तर काकांचं वाक्य जड होतं, नाहीतर हवेत राहतं.

माझ्या एका केसमधलं सांगतो. एका गावच्या मंदिराचा पुजारी सरकारी साक्षीदार होता, आरोपी माझा. पोलिसांकडच्या जबाबात पुजाऱ्याचं वाक्य होतं की आरोपी रात्री देवळात आला आणि "माझ्या हातून चूक झाली" म्हणाला. कोर्टात सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, पुजारी म्हणाला, "मी त्याला मारून टाकलं असं म्हणाला." उलटतपासात मी जबाब दाखवला, फरक आला, पुढे तपासी अधिकाऱ्याकडून तो सिद्ध झाला आणि साक्ष गेली. जबाब घटनेनंतर बावीस दिवसांनी घेतलेला, तोही विचारला, ते बावीस दिवस काय करत होतात म्हणून. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आरोपी सुटला. दुपारी कोर्टाबाहेरच्या बाकावर तो पुजारी एकटाच बसला होता, टोपी काढून हातात धरलेली, मला म्हणाला, "सायेब, मला विचारलं होतं की म्हणजे मारलं असंच म्हणायचं ना त्याला, मी हो म्हटलं, मला वाटलं तसंच म्हणायचं असतं." खोटं बोलायला आलेला माणूस नव्हता तो. ऐकलेल्या वाक्यात दुसऱ्यानं दोन शब्द घातले आणि त्यानं ते घालू दिले. मयताची आई समोरच्या झाडाखाली बसलेली होती. त्या रात्री देवळात नेमकं काय बोललं गेलं हे आता कोणालाच कधी कळणार नाही, हे मला अजून खुपतं.

म्हणून काकांना माझं पहिलं सांगणं, आजच एका कागदावर लिहून ठेवा. तारीख, वेळ, कुठे, कोण कोण जवळ होतं, आणि त्याचे शब्द त्याच्याच बोलीत. वऱ्हाडीत बोलला असेल तर वऱ्हाडीत. अर्थ लावू नका. नंतर आठवलं तर वरचं खोडू नका, खाली वेगळं लिहा.

दुसरं, वही. त्र्यंबकच्या आणि रामकुंडावरच्या गुरुजींच्या त्या लांबट वह्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना कळेल मी काय म्हणतोय, गाव, कुळ, आजोबा-पणजोबांची नावं, कोण कोणासाठी कधी आलं, खाली यजमानाची सही नाहीतर अंगठा, कडेला पिवळा पडलेला कागद आणि हल्ली मोबाईल नंबर. या यजमानाचं नाव काकांच्या वहीत आहेच. ते पान फाडायचं नाही, खाडाखोड नाही, वही गावाकडे पाठवायची नाही. गुन्हा झाला असेल आणि तो झाकायला पान गेलं तर तो पुरावा नष्ट करणं होतं, न्याय संहितेचं २३८. आत्तापर्यंत काका फक्त ऐकणारे आहेत, ते पान फाडलं की सामील झाले. पोलिसांनी वही रीतसर लेखी मागितली तर द्यावी, पोच घ्यावी आणि आधी फोटो काढून ठेवावेत.

तिसरं, मध्यस्थी नाही. "तुमच्यात मिटवून घ्या, भावजयीला जमीन लिहून दे, मी बोलतो" हे गुरुजी चांगल्या मनानं करतात आणि फसतात. गुन्हा झाकायला पैसा किंवा वस्तू घेणं २५० खाली स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे ठरलेली दक्षिणा सोडून त्या माणसाकडून एक रुपया जास्त घ्यायचा नाही. आणि देव कोपेल, पितर कोपतील अशी भीती घालून त्याच्याकडून काही करून घ्यायचं नाही, त्यालाही कलम आहे, आता ३५४, जुन्या भादंविचं ५०८, ज्यात उदाहरणच दिलेलं होतं दारात धरणं धरून बसणाऱ्या माणसाचं. धर्माच्या माणसाला कायदा सवलत देत नाही, पण त्याच्या शब्दाचं वजन मात्र ओळखतो.

पोलीस आले तर? काका साठीच्या वर असतील तर त्यांना जबाबासाठी पोलीस स्टेशनला बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. ही सवलत वयाची आहे, सोवळ्याची नाही. जबाब द्यावा, खरा द्यावा. लिहून झाल्यावर पूर्ण वाचून दाखवायला सांगावं आणि आपले शब्द बदललेले दिसले तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावावेत. त्या जबाबावर साक्षीदारानं सही करायची नसते, कोणी म्हटलं करा तर नम्रपणे नाही म्हणावं. शब्दाला शब्द राहावा असं वाटत असेल तर मॅजिस्ट्रेटपुढे त्याच संहितेच्या १८३ खाली जबाब नोंदवा अशी विनंती करता येते, अशा बाबतीत मला तोच रस्ता जास्त बरा वाटतो, काकांवरचं दडपणही कमी होतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, संरक्षण नाही, सरळ कबुली ऐकली असेल तर कळवायची जबाबदारी आहे, नुसतं अपराधीपण ऐकलं असेल तर नाही, आणि दोन्हीकडे शब्द आणि वही जशीच्या तशी ठेवायची.

काही गोष्टींत मात्र "परिस्थितीवर अवलंबून" असं मी म्हणणार नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कोणीही, कुठेही, कितीही गुप्तपणे सांगितलं, तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवावंच लागतं, कुठल्याही माणसाला, आणि न कळवणं हा २१ खाली गुन्हा. संस्थेचा प्रमुख असेल आणि त्याच्या हाताखालच्या माणसाबद्दल असेल तर वर्षभरापर्यंत शिक्षा. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कलम १९ नंच संरक्षण आहे. आणि धार्मिक संस्थेतल्याच माणसानं तिथल्या मुलावर बलात्कार केला तर तो जास्त गंभीर प्रकार, २०१९ पासून किमान वीस वर्षं. वेदशाळा, मदरसा, चर्चचं होस्टेल, वारकरी शिक्षण संस्था, सगळीकडे हेच. तसंच कोणी "उद्या त्याला संपवतो" असं बोलून गेला तर विचार करत बसायचं नाही, तिथे तर वकिलालासुद्धा गुप्ततेचा आधार नसतो. आणि सुरगाणा, पेठकडे लग्नं लावणाऱ्या गुरुजींसाठी, वय न बघता बालविवाह लावला तर २००६ च्या कायद्याच्या कलम १० खाली दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. दाखला बघितला होता हे दाखवायची जबाबदारी लग्न लावणाऱ्याची. यात माझ्याकडे आलेली मंडळी तुम्हाला वाटतील त्यापेक्षा जास्त आहेत.

शेवटी त्या यजमानाचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण काकांना झोप येत नाही ती त्याच्यासाठीच, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. तो पुन्हा फोन करेल, असं बोलून गेलेली माणसं पुन्हा फोन करतात. तेव्हा काकांनी पुढचं काही ऐकून घेऊ नये. त्याला सरळ सांगावं की बाबा, तू मला सांगितलेलं माझ्याजवळ बंद राहील असं कायदा मानत नाही, मला विचारलं तर मला सांगावं लागेल. ज्याच्याजवळ ते बंद राहतं तो माणूस म्हणजे वकील, तुझ्या गावच्या कोर्टात जा आणि एक फौजदारी वकील गाठ, पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा घे. गुप्ततेचा हक्क वकिलाचा नसून त्या माणसाचा असतो, त्याच्या परवानगीशिवाय आम्हाला तोंड उघडता येत नाही. आपणहून हजर व्हायचं का, त्या दिवशी विहिरीवर झटापट झाली होती की पाय घसरला, तो खून होतो की सदोष मनुष्यवध की काहीच नाही, हे सगळं त्याला तिथे मोकळेपणानं बोलता येईल.

विधीचं विचारलंत तर राहिलेला विधी काकांनी करायला कायद्याची काहीही हरकत नाही, नारायणबली करणं म्हणजे आरोपीला आसरा देणं होत नाही. आणि त्या वाक्याचं नक्की झालं की मला मेसेज करा, दोन्हीपैकी कुठलं ते. सरळ कबुलीचं असेल तर सोमवारी काकांना घेऊन जुन्या सीबीएसजवळच्या कोर्टात या, वही सोबत आणा, पोलिसांत जायच्या आधी आपण बसून बोलू.